माती किती ओली आहे, ते आधी पाहा: हाताने घडवलेली भांडी आणि त्यांची सजावट

मे महिन्यात नागपुरात सकाळी घडवून ओट्यावर ठेवलेल्या वाटीची कड तासाभरात पांढुरकी पडते आणि दुपारपर्यंत तिला तडा गेलेला असतो. त्याच मातीची, तेवढ्याच जाडीची वाटी ऑगस्टात चार दिवसांनीही बुडाला ओलसर लागते. मातीकाम शिकायला येणाऱ्यांचं लक्ष साहजिकच आकाराकडे आणि नक्षीकडे असतं. पण आकार कधी वाढवायचा, कान कधी जोडायचा, नक्षी कधी कोरायची, रंग कधी चढवायचा, हे सगळं त्या घटकेला मातीत किती पाणी उरलंय त्यावर ठरतं. हात सरावाने बसतो. पाण्याचं गणित मात्र आधीच समजून घेतलं, तर बरीचशी तुटफूट होतच नाही.

पाणी कमी होतं तेव्हा काय घडतं

मळून तयार झालेल्या मातीत वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के पाणी असतं. मातीचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात आणि माती हवी तशी वळते. पाणी उडू लागलं की कण जवळ येतात आणि भांडं आकसतं. कण एकमेकांना टेकले की आकसणं थांबतं. त्यानंतर जातं ते कणांमधल्या पोकळ्यांतलं पाणी. त्याने रंग फिका पडतो, माप फारसं बदलत नाही. म्हणून सुकतानाचे जवळजवळ सगळे तडे सगळ्या भांड्याचा रंग बदलण्याच्या आधीच पडतात. कड आकसून मोकळी झाली आणि बुडाचं आकसणं अजून बाकी असलं, की दोघांच्या मध्ये ताण येतो आणि माती फाटते. उन्हाने माती तडकते असं आपण म्हणतो, पण खरं कारण हे असमान सुकणं आहे.

तीन अवस्था हाताने ओळखता आल्या पाहिजेत. पहिली मऊ: दाबलं की बोट उमटतं. दुसरी लेदर-हार्ड, स्टुडिओत हाच शब्द चालतो. या अवस्थेत भांडं उचललं तरी वाकत नाही, नखाने स्वच्छ ओरखडा उठतो, हाताला गार लागतं आणि रंग अजून गडद असतो. तिसरी पूर्ण कोरडी: रंग फिका, नखाखाली भुकटी. भांडं सर्वांत ठिसूळ असतं ते याच वेळी. कडेला धरून उचललं तर कड हातात येते. त्याला नेहमी दोन्ही हातांनी बुडाखालून उचलावं.

कामाची बहुतेक गंमत मधल्या अवस्थेत आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती पातळ भांड्याला तास-दोन तासच मिळते. तिला लांबवायचा स्वस्त उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा: तळाशी ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर भांडं. यात भांडं आठवडाभरही कामाजोगं राहतं. कूलरबद्दल एक गैरसमज आहे. कूलरच्या खोलीतली दमट हवा मातीकामाला चांगलीच, वाईट असतो तो त्याचा झोत. झोताकडची बाजू आधी आकसते आणि भांडं त्या बाजूला झुकतं. तेव्हा काम त्याच खोलीत करा, पण झोताच्या आड.

आपल्याकडची माती

विदर्भातली काळी कापसाची माती हाताला फार लोभस लागते. चिकट, मऊ, लगेच वळणारी. पण तिच्यात फुगणारी खनिजं भरपूर असतात. ती खूप पाणी धरते आणि तेवढीच जोरात आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगांचं कारण तेच. एकट्या काळ्या मातीचं भांडं सुकतानाच जातं. म्हणून तलावातला गाळ किंवा नदीकाठची माती घ्यायची आणि तिच्यात न आकसणारं काहीतरी मिसळायचं. १० भाग कोरड्या मातीला १ ते २ भाग कन्हान नदीची बारीक चाळलेली रेती, किंवा तेवढाच ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या खापरांचा चाळलेला चुरा. कुंभार घोड्याची लीद, राख किंवा धानाचं तूसही घालतात. लीद आणि तूस भट्टीत जळून जातात आणि मागे बारीक छिद्रं राहतात. माठाला ती हवीच असतात, फुलदाणीला नकोत.

माती भिजवताना ढेकळं आधी पूर्ण वाळवा, फोडा, आणि मग पाण्यात सोडा. ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं. कडक वाळलेलं मात्र आपोआप विरघळतं. दोन दिवसांनी ४० मेशच्या, म्हणजे इंचाला ४० छिद्रांच्या चाळणीतून गाळायचं, साठलेल्या पाण्यातलं वरचं नितळ पाणी ओतून द्यायचं आणि गाळ कापडावर पसरून घट्ट होऊ द्यायचा. गाळणं आपल्याकडे टाळता येत नाही, कारण या भागातल्या मातीत चुनखडे असतात. ते पुढे काय करतात ते शेवटी सांगितलंय. शंका असेल तर मातीच्या चिमटीवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर चुना आहे.

कोणतीही नवी माती वापरण्याआधी तिची पट्टी करून पाहावी. १४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, १ जाड पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची. वाळल्यावर ती रेघ ९.४ भरली तर माती सुकताना ६ टक्के आकसते. भाजल्यावर पुन्हा मोजायचं. सुकणं आणि भाजणं मिळून ८ ते १२ टक्के आकस ही नेहमीची गोष्ट आहे. एकूण आकस १० टक्के असेल आणि झाकण १० सेंटिमीटरचं हवं असेल, तर ओल्या मातीत ते ११.१ सेंटिमीटरचं करावं लागतं (१० भागिले ०.९). झाकण आणि भांडं एकाच दिवशी, एकाच गोळ्यातून करायचं आणि झाकण जागेवर ठेवूनच सुकवायचं. वेगवेगळं सुकवलेलं झाकण क्वचितच बसतं.

मळणं थोडक्यात: दोन्ही तळव्यांनी पुढे रेटून, उचलून, वळवून ८०-१०० वेळा. मग तारेने गोळा मधोमध कापून बघायचा. कापलेल्या भागावर छिद्रं दिसली तर पुन्हा मळायचा.

घडवणं

चिमटीने भांडं करणं सर्वांत जुनं आणि सुरुवातीला सर्वांत उपयोगी. ३०० ग्रॅमचा, मध्यम संत्र्याएवढा गोळा घ्या. अंगठा मधोमध खाली नेत बुडाला ७ मिलिमीटर माती उरेल तिथे थांबा. मग बुडाकडून वर, गोळा थोडाथोडा फिरवत चिमटीने भिंत पातळ करत या. भिंत ६ मिलिमीटर झाली की पुरे. कड अगदी शेवटपर्यंत जाड ठेवायची, कारण ती आधी सुकते आणि पसरवताना आधी फाटते. भिंत लोळायला लागली तर पाणी लावू नका, भांडं पंधरा मिनिटं पालथं ठेवा. नवशिक्याची नेहमीची चूक पाणीच असते. तडा दिसला की बोट बुडवून फिरवलं जातं, वरचा थर चिखल होतो, आतली भिंत तशीच कोरडी राहते आणि तडा झाकला जाऊन आतून वाढतो. ओलसर बोट चालतं, गळतं बोट नाही.

मोठं भांडं वळ्यांनी करतात. ८ मिलिमीटर जाड बूड कापायचं आणि त्यावर बोटाएवढ्या, १२ मिलिमीटरच्या वळ्या रचायच्या. वळी लाटताना बोटांनी नाही, पूर्ण तळव्याने आणि मधून बाहेरच्या बाजूला. वळी चपटी झाली तर तिला पीळ देऊन पुन्हा लाटली की गोल होते. प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खाली ओढून खालच्या वळीत मिसळली पाहिजे. बाहेरून रेघा ठेवायच्या असतील तर निदान आतून तरी. नुसत्या एकावर एक ठेवलेल्या वळ्या ओल्या असताना घट्ट दिसतात, आणि सुकल्यावर भांडं आडव्या रेषेत सुटतं. पोट फुगवायचं असेल तर वळी किंचित बाहेरच्या कडेवर, गळा आवळायचा असेल तर आतल्या कडेवर. तीन-चार वळ्यांनंतर थांबायचं, खालच्या भिंतीला वजन पेलण्याइतका जीव येऊ द्यायचा. मे महिन्यात याला वीस मिनिटं पुरतात, पावसाळ्यात दोन-तीन तास. थांबताना वरची कड ओल्या फडक्याने झाकली नाही, तर पुढची वळी तिला धरत नाही.

डबे, ट्रे, चौकोनी कुंड्या स्लॅबच्या, म्हणजे लाटलेल्या मातीच्या सपाट तुकड्यांच्या होतात. ७ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये कापडावर माती ठेवून लाटण्याने लाटायची, दर दोन-तीन फेऱ्यांनी उलटायची. मग बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने दोन्ही बाजू दाबून घासायच्या. कण घट्ट बसले की तडे कमी. स्लॅब हाताने कडेला धरून उचलू नका. माती ती वाकण लक्षात ठेवते: सरळ करून ठेवलेला ट्रे भट्टीतून पुन्हा त्याच बाजूला वाकून निघतो. स्लॅब दोन फळ्यांमध्ये धरूनच उलटा करावा. डब्याच्या भिंती लेदर-हार्ड झाल्यावरच कापायच्या, कडा ४५ अंशांत.

जोड सगळीकडे एकाच रीतीने लागतो, मग तो डब्याचा कोपरा असो, कपाचा कान असो की सुरईची तोटी. दोन्ही तुकड्यांचा ओलावा सारखा हवा. काट्या-चमच्यातल्या काट्याने दोन्हीकडे आडवे-उभे २ मिलिमीटर खोल ओरखडे काढा, त्याच मातीची स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती लावा, दाबून किंचित हलवत राहा; स्लिप कडेने बाहेर येते आणि तुकडा हलायचा थांबतो. आतल्या कोपऱ्यात बारीक वळी भरून गुळगुळीत करा. नंतर सगळं रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, म्हणजे कानाचा आणि भिंतीचा ओलावा एक होईल. हे रात्रभर ठेवणं लोक टाळतात, आणि कान नेमके वरच्या जोडाशी सुटतात.

साच्याबद्दल एकच गोष्ट. भाजलेल्या वाटीच्या आत स्लॅब बसवला तर माती आकसून आपोआप साच्यापासून सुटते. पालथ्या वाटीवरून बाहेरून बसवला तर माती साच्यावरच आवळते आणि फाटते. तो लेदर-हार्ड होताच काढून घ्यावा. याच कारणाने भांड्यात काडी, तार किंवा आधाराचा सांगाडा चालत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत घडणाऱ्या मातीच्या गणेशमूर्ती भाजायच्या नसतात, म्हणून तिथे आत लाकूड आणि तणस चालतं.

चाकाविषयी इथे फार लिहीत नाही. ते हात धरून शिकायचं काम आहे. पण माठ पूर्णपणे चाकावर होतो, ही समजूत चुकीची आहे. चाकावर भांड्याचं बूड चाकाला चिकटलेलं असतं, मग गोल बूड येणार कुठून? कुंभार चाकावर गळा आणि कड पूर्ण करतो, खालचा भाग मात्र मुद्दाम जाड, आखूड ठेवतो आणि दोऱ्याने कापून उतरवतो. कड आवळून घट्ट झाली की खरं काम सुरू होतं. आतून एका हातात गुळगुळीत दगडी गोळा, बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी थापी. थापी जिथे पडेल त्याच जागी आतून गोळा टेकलेला असतो. दोन्हींच्या मध्ये माती दाबली जाते, पसरते, पातळ होते. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर अर्धा चढतो, भांडं मांडीवर किंवा जमिनीतल्या खळग्यात फिरत राहतं, आणि माती थापीला चिकटू नये म्हणून मधूनमधून राख भुरभुरायची. एका दमात हे होत नाही. एक फेरी ठोकायची, सावलीत ठेवायचं, पुन्हा ठोकायचं. दोन-तीन फेऱ्यांत भिंत चार-पाच मिलिमीटरवर येते आणि पोट मूळच्या कितीतरी पट फुगतं.

ठोकण्यामुळे माती घट्ट होते आणि जाडी सगळीकडे सारखी येते. गोल बुडाला कोपरा नसतो, त्यामुळे सुकताना आणि भाजताना ताण एका जागी साठत नाही. चुलीवरच्या मडक्याचं बूड गोल असण्याचं एक मोठं कारण हेच. घरी हे करून बघायचं असेल तर चिमटीने केलेली जाडसर वाटी, नदीतला गुळगुळीत गोटा आणि चपटी लाकडी पट्टी एवढं पुरतं. गोळा आणि थापी समोरासमोर नसतील तर खळगा पडतो किंवा भिंतच आत जाते. माती फार ओली असेल तर थापीला ओढली जाते, आणि उशीर झाला असेल तर ठोक्याच्या कडेला केसासारख्या भेगा दिसतात. भेगा दिसल्या की थांबा, ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी घ्या.

सजावट: कोणतं काम कोणत्या ओलाव्यावर

मऊ मातीवर फक्त दाबायचं. ठसे, दोरी, गोणपाट, लेस, पानं. पानाची मागची बाजू, जिकडे शिरा उठलेल्या असतात, ती मातीकडे ठेवून लाटण्याने एकदाच फिरवा. पिंपळाचं आणि पळसाचं पान फार सुंदर उमटतं. दाबण्याआधी पृष्ठभागावरची पाण्याची चमक जाऊ द्या, नाहीतर ठसा चिकटतो. भांड्यावर ठसा मारताना आतून बोटाचा आधार द्या.

लेदर-हार्ड अवस्थेत स्लिप चढवता येते. स्लिप म्हणजे पाण्यात कालवून ८० मेशमधून गाळलेली पातळ माती, रंगीत किंवा पांढरी. बोट बुडवून काढलं की बोटाच्या रेषा झाकल्या गेल्या पाहिजेत आणि टोकाशी एकच थेंब लोंबला पाहिजे. तांबड्यासाठी गेरू, पांढऱ्यासाठी चिनी माती, निळ्यासाठी पांढऱ्या स्लिपमध्ये १ ते ३ टक्के कोबाल्ट ऑक्साइड. काळ्यासाठी लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं वापरतात. मँगनीजची भुकटी आणि भट्टीतला त्याचा धूर दोन्ही विषारी, तेव्हा मास्क आणि मोकळी हवा हवीच. स्लिपचा एक हात आडवा, तो सुकून चमक गेल्यावर दुसरा उभा. भांडं अजून आकसायचं बाकी असताना लावलेली स्लिप त्याच्याबरोबरच आकसते. कोरड्या भांड्यावर लावलेली स्लिप एकटीच आकसते आणि पापुद्रे सुटतात.

स्लिप चढली की ती खरवडून खालच्या मातीचा रंग बाहेर काढता येतो. हे काम आमच्या मते नवशिक्याला सर्वांत लवकर समाधान देतं. वेळ साधली की नाही ते टोचणीच सांगते. खरवडल्यावर माती लांब वळ्यासारखी सुटली तर वेळ बरोबर. चिकटून कडेला ढीग झाला तर थांबा. भुकटी उडाली तर उशीर झालाय. सुटलेले कण ओले असताना झटकू नका, ते रेषेत घुसतात; पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने काढा. उलट्या पद्धतीत २ मिलिमीटर खोल रेघा कोरून त्यांत पांढरी स्लिप भरतात, ती थोडी घट्ट झाली की वरचा भाग कार्डाने खरवडून सपाट करतात. तांबड्या भिंतीत पांढऱ्या रेघा रेखीव दिसतात. कोरीव काम भिंतीच्या एक तृतीयांशाहून खोल नेऊ नये. दिव्याच्या जाळीसाठी भिंत ७-८ मिलिमीटर ठेवा, दोन छिद्रांत निदान सेंटिमीटरभर अंतर ठेवा, आणि सलग न कापता एक आड एक कापत जा, म्हणजे भिंत बसणार नाही.

यानंतर, लेदर-हार्ड आणि कोरडं यांच्या सीमेवर, घोटाईची वेळ येते. गुळगुळीत गोटा किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ छोट्या गोल फेऱ्यांत फिरवायची. पृष्ठभागावरचे चपटे कण एका दिशेला आडवे होतात आणि प्रकाश सरळ परततो, म्हणून चमक येते. यात लेप वगैरे काही नसतं. सुकताना ती मंदावते, मग तेलाचं बोट लावून पुन्हा घोटायचं. दोन-तीन फेऱ्या लागतात. भट्टी साधारण ९०० अंशांच्या वर गेली तर ही चमक उडते, म्हणून घोटलेली भांडी ७०० ते ८५० अंशांतच भाजावीत.

याहून तलम चमक हवी असेल तर मातीतले अतिबारीक कण वेगळे काढता येतात. १ किलो वाळलेली माती, अडीच लिटर पाणी आणि ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट नीट ढवळा आणि २० ते २४ तास भांडं अजिबात न हलवता ठेवा. तळाशी रेतीचा गाळ बसतो, वर पातळ घोळ राहतो. वरचा घोळ नळीने काढून घ्यायचा, गाळाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. हा घोळ अपवादाने पूर्ण कोरड्या भांड्यावर लावतात, कारण थर इतका पातळ असतो की त्याच्या आकसण्याने ताण येत नाही. तीन-चार हात मारून लगेच मऊ कापडाने पुसत राहिलं की चमकतं.

घोटाई आपल्या भागात फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथल्या उत्खननांत, इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकातल्या महापाषाणयुगीन वस्त्यांमध्ये, घोटलेली काळी-तांबडी भांडी सापडली आहेत: आतून आणि कडेला काळी, बाहेरून खाली तांबडी. हा काळा रंग लावलेला नाही, आगीतून आलेला आहे. मातीतल्या लोहाला भट्टीत भरपूर हवा मिळाली तर तांबडा रंग येतो. हवा तोडून धूर कोंडला तर लोहाचं रूप बदलतं, कोळशाचे कण छिद्रांत बसतात आणि भांडं काळं होतं. आजही लाल तापलेल्या भांड्यांवर भुसा टाकून वरून राखेने किंवा मातीने बंद केलं की काळी भांडी मिळतात. सील थंड होईपर्यंत उघडायचं नाही. गरम असताना हवा शिरली की काळेपणा जळून पुन्हा तांबडे डाग पडतात.

सजावट ठरवताना भांड्याचं काम विसरू नये. माठ थंड होतो तो छिद्रांतून बाहेर आलेलं पाणी उडाल्यामुळे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, पावसाळ्यात हवाच दमट असल्याने मंदावतो. त्यावर बाहेरून ऑइलपेंट किंवा अ‍ॅक्रिलिक रंगवला, तर छिद्रं बुजतात आणि माठ शोभेचा होतो. पाण्याच्या माठाला गेरूचा पातळ हात, गळ्याशी ठसे किंवा कोरीव पट्टा, एवढंच द्या. ताक, चिंचेचं सार, लोणचं ठेवायच्या भांड्याला आतून ग्लेज, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप हवा, आणि तो शिशाविरहित असल्याची खात्री करूनच घ्यावा. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. ग्लेज लावताना बुडाची ४-५ मिलिमीटर पट्टी पुसून टाका, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल.

सुकवणं आणि भाजणं

मे महिन्यात भांडं पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली, मग प्लास्टिक सैल, मग सावलीत उघडं. चार-पाच दिवस धरा. ऑगस्टात बारा-पंधरा. भांडं लाकडी पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. सुकलं का ते पाहायला गालाला लावा: गार लागलं तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचं म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून २४ तासांनी पुन्हा करा; वजन घटलं नाही तर सुकलं. पावसाळ्यात ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर सहा-आठ तास ठेवणं शहाणपणाचं.

आव्यात, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, गोवऱ्या, लाकडं, तणस आणि भुसा यांचे थर देऊन भांडी रचतात, वर तणस आणि माती-राखेचं आवरण. पहिले काही तास नुसतं धुरावर ठेवतात, ते कोवळी भांडी हळूहळू तापावीत म्हणून. विजेच्या भट्टीत हेच आकड्यांनी करतात: १२० अंशांपर्यंत ताशी ५०, तिथे दोन तास थांबा, ६०० पर्यंत ताशी १००, पुढे १००० पर्यंत ताशी १५०. घाई कुठे नको, तर सुरुवातीला आणि ५७३ अंशांच्या आसपास. सुरुवातीला उरलंसुरलं पाणी वाफ होतं, आणि एक भाग पाण्याची सोळाशेहून जास्त भाग वाफ होते. ५७३ अंशांवर मातीतल्या रेतीचे कण एकदम फुगतात, आणि थंड होताना त्याच अंशांवर एकदम आकसतात. म्हणून भट्टी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही.

तडा वाचायचा कसा

फुटलेलं भांडं टाकण्याआधी तडा बघा, तो कारण सांगतो. कडेशी रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला तडा सुकतानाचा आहे. कड झाकली नव्हती. बुडाच्या मधोमध वळणदार तडा असेल तर बूड दाबून घट्ट केलं नव्हतं किंवा चाकावर आत पाणी साचलं होतं. आडवा, भांड्याभोवती फिरलेला तडा वळ्या नीट मिसळल्या नाहीत असं सांगतो. काचेसारख्या धारदार कडांचा, बारीक, सरळ तडा भट्टी घाईने थंड केल्याचा. भिंतीचा खोलगट तुकडाच उडून गेला असेल तर ती वाफ. हवेच्या बुडबुड्याला दोष दिला जातो, पण सुकलेल्या भांड्यातला बुडबुडा सहसा काही करत नाही, पाणीच फोडतं.

शेवटचा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त छळतो. भांडं भट्टीतून छान निघतं, टणटणीत वाजतं, आणि आठवड्याने त्याची टिकली उडते. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. तो चुनखडा. साधारण ८०० अंशांच्या वर तो भाजून कळीचा चुना झाला, मग हवेतला ओलावा पिऊन फुगला. पावसाळ्यात हे लवकर घडतं. चाळणी ४० मेशहून बारीक घेणं हा पहिला उपाय. दुसरा भाजल्यानंतरचा: भांडी भट्टीतून काढल्यावर कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून काही तास ठेवा. चुना एकदम भरपूर पाणी मिळाल्याने मऊ लगद्यासारखा विरतो आणि भिंत ढकलायचा जोर त्याच्यात उरत नाही. बारीक चुनखड्यांना हा उपाय लागू पडतो; तुरीच्या दाण्याएवढा खडा आत राहिला असेल, तर तो भांडं फोडणारच.